जांभा कुठल्या खणात बसतो?

कोकणात घर बांधायचं म्हटलं की आधी चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या दगडाचा, भाव विचारला जातो. भिंतीला चिरा, गडग्याला चिऱ्याचे तुकडे, विहिरीच्या कठड्याला चिरा, तुळशीवृंदावनालाही चिराच. इतका अंगवळणी पडलेला हा जांभा दगड, पण शाळेत खडकांचे तीन प्रकार शिकायला लागलो की तोच अडचणीचा ठरतो. अग्निज, स्तरित, रूपांतरित ही नावं मुलांना पाठ असतात, प्रत्येकाची दोन-दोन उदाहरणंही पाठ असतात. मात्र वर्गाच्या भिंतीतला दगड यांपैकी कुठला, असं विचारलं तर कुणीच हात वर करत नाही. मुलांचं यात काही चुकत नाही. हा प्रश्न खरोखरच अवघड आहे आणि तो सोडवता सोडवता सगळा विषय समजतो.

खडकाचा प्रकार रंगावरून, वजनावरून किंवा कठीणपणावरून ठरत नाही. तो दगड कसा जन्मला यावरून ठरतो. वितळलेला शिलारस निवून घट्ट झाला, तर अग्निज. जुन्या दगडांचा चुरा, चिखल, वाळू, शंखशिंपले एका जागी साचून सांधले गेले, तर स्तरित, म्हणजे गाळाचा. आणि आधीचा कुठलाही दगड न वितळता, घट्ट असतानाच उष्णतेनं आणि दाबानं आतून पालटला, तर रूपांतरित. जन्मकथा तीन, आणि प्रत्येक कथा दगडाच्या अंगावर काही खुणा ठेवून जाते. त्या खुणा वाचायला शिकणं एवढंच आपलं काम. कोकणची पट्टी चिंचोळी असली तरी मुंबईपासून रेडीपर्यंत तिच्यात या तिन्ही कथा सापडतात.

सुरुवात काळ्या दगडापासून करू, कारण कोकणचा बहुतेक पाया त्याचाच आहे. रत्नागिरीकडे त्याला काळवत्री म्हणतात, पुस्तकात बेसाल्ट. पाटा-वरवंटा त्याचा, जातं त्याचं. घारापुरीची आणि पन्हाळेकाजीची लेणी कोरली गेली तीही त्यातच. समोरचा सह्याद्री पायथ्यापासून माथ्यापर्यंत बहुतांशी याच दगडाचा.

हा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. ज्वालामुखी म्हटलं की आपल्यापुढे टोकदार डोंगर आणि त्याच्या तोंडातून उसळणारी आग उभी राहते. इथे मुख्यतः तसं घडलं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून ११०० ते १२०० अंश सेल्सियस तापलेला पातळ लाव्हा बाहेर येऊन मैलोन्‌मैल पसरला. तो निवला, त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. या उद्रेकांचा मोठा भाग साधारण १० लाख वर्षांत उरकला असं मानलं जातं. झीज होऊन आज जे उरलं आहे तेही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे.

एवढा लाव्हा आला कुठून? पृथ्वीच्या पोटात सगळीकडे लाव्हाच भरलेला आहे, आपण त्यावरच्या पातळ पापुद्र्यावर राहतो, असा समज सर्रास आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. आपल्या पायाखाली जवळजवळ २९०० किलोमीटरपर्यंतचं प्रावरण प्रचंड तापलेलं असलं तरी घट्टच असतं, कारण वरच्या खडकांचा दाब त्याला वितळू देत नाही. खोलवरचा अतिशय तप्त खडक हळूहळू वर सरकू लागला की त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब उतरला की उष्णता न वाढताही त्यातला काही भाग वितळतो. तोच शिलारस. त्या काळी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत होता आणि हिंदी महासागरात आज जिथे रियुनियन बेट आहे तिथल्या तप्त स्थानावरून, म्हणजे खोलवरचा तप्त खडक वर येत राहतो अशा जागेवरून, जात होता. दख्खनचा लाव्हा त्याच स्थानाशी जोडला जातो.

आता खुणा. काळवत्रीचा ताजा फुटलेला तुकडा उन्हात धरा. त्यातले कण साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाहीत. लाव्हा उघड्यावर आला आणि लवकर निवला, स्फटिकांना मोठं व्हायला वेळच मिळाला नाही. हाच शिलारस काही किलोमीटर खोल अडकून हजारो-लाखो वर्षं निवत राहिला असता, तर कण मोठे, सहज ओळखू येतील असे झाले असते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात मिळणाऱ्या ग्रॅनाइटचे कण मोठे दिसतात ते यामुळे. ग्रॅनाइटचा रस मुळात वेगळ्या घटकांचा असतो हे खरं, पण कण किती मोठे होणार हे मुख्यतः निवण्याच्या वेगावर ठरतं. अग्निज खडकाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

काही काळ्या दगडांत बारीक पोकळ्या असतात, किंवा पांढरे-हिरवट ठिपके असतात. लाव्ह्यात विरघळलेले वायू वर येता येता अडकले, त्यांच्या या जागा. पुढे भूजलातून आलेल्या गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट यांसारख्या खनिजांनी त्या भरल्या. पोकळ्या थराच्या माथ्याकडे जास्त असतात, त्यामुळे एक लाव्हा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला तेही त्यांच्यावरून कळतं. घाटातल्या कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांमध्ये कधी कधी तांबडा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमध्ये पुरेसा खंड पडला, वरचा पृष्ठभाग कुजून त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती झाकली, अशी त्याची साधारण गोष्ट आहे. घाटातून जाताना हा पट्टा मुलांना आवर्जून दाखवावा. दगडांत इतक्या स्पष्टपणे काळ वाचता येण्याच्या जागा फार नाहीत.

रायगडच्या किनाऱ्यावर, मुरूडच्या परिसरात, ओहोटीला खडपावर गेलात तर सपाट काळ्या दगडातून एखादी भिंत सरळ रेषेत गेलेली दिसते. ती भित्ती, म्हणजे डाइक. आधी निवलेल्या दगडाला भेग पडली आणि तिच्यात नवा शिलारस शिरून घट्ट झाला. तिच्या कडांचे कण मधल्या भागापेक्षा बारीक असतात, कारण कडा थंड दगडाला टेकून चटकन निवल्या. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर दुसरी खूण आहे. निवताना दगड आकसतो, आकसताना तडकतो आणि तडे नियमित पडले तर उभे बहुकोनी खांब तयार होतात. इमारतींनी वेढलेली ती टेकडी अजून उभी आहे आणि ती तशीच जपली गेली पाहिजे.

मुंबईतच वरळीला आणखी एक गोष्ट सापडली. तिथे लाव्ह्याच्या थरांमध्ये चिखलाचा थर मिळाला आणि त्यात बेडकांचे जीवाश्म. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांचं शास्त्रीय वर्णन झालं. लाव्ह्याचा जोर थांबला, पाण्याची तळी झाली, त्यांत बेडूक नांदले, मेले, गाळात गाडले गेले, आणि मग पुन्हा लाव्हा आला. अग्निज खडकांच्या ऐन राज्यात गाळाचा खडक असा मधोमध बसलेला आहे. तीन खण सोयीसाठी आहेत, निसर्ग ते पाळत बसत नाही, हे इथूनच दिसायला लागतं.

गाळाच्या खडकाची सुरुवात मोडतोडीतून होते. ऊन, पाऊस, झाडांची मुळं आणि पाण्यातली आम्लं मिळून दगड कुजवतात. वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री, काजळी, गड, कर्ली या आपल्या नद्या आखूड आणि घाईच्या. पावसाळ्यात तो चुरा उचलून त्या खाडीत आणतात. पाण्याचा वेग उतरला की जड खडे आधी बसतात, मग वाळू, आणि चिखल सर्वांत शेवटी, शांत पाण्यात. म्हणून नदीच्या वरच्या अंगाला गोटे, पुळणीवर वाळू आणि खाडीत कांदळवनाच्या मुळाशी चिखल. एखाद्या जुन्या दगडात गोटे दिसले की तिथे कधी काळी जोराचं पाणी होतं, हे त्यावरूनच सांगता येतं.

रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात, कारण वाळू काळी. ती वाळू एका कागदावर घेऊन खालून लोहचुंबक फिरवा, काही कण त्याच्याबरोबर धावतील. ते मॅग्नेटाइटचे. त्यांच्याजोडीला इल्मेनाइट असतं, ज्यात लोह आणि टायटॅनियम आहे. दोन्ही जड आणि चिवट. बेसाल्ट कुजला, त्यातले बाकीचे घटक विरघळले किंवा चिखल होऊन वाहून गेले, आणि लाटांनी हलका भाग पुढे नेल्यावर हे जड कण मागे राहिले. काळबादेवीच्या आणि आसपासच्या उपसागरांच्या पुळणींवरही ही काळी वाळू आहे.

पण वाळू म्हणजे अजून खडक नव्हे. तिचा खडक व्हायला दोन गोष्टी लागतात. वरच्या गाळाच्या वजनाने कण एकमेकांत घट्ट बसायला हवेत आणि त्यांच्या फटींत कुठलं तरी खनिज साकळून ते सांधले जायला हवेत. कॅल्शियम कार्बोनेट (चुना), सिलिका (गारगोटी जिची बनते ती) किंवा लोहाचे ऑक्साइड हे सांधण्याचं काम करतात. यासाठी नेहमीच कोट्यवधी वर्षं लागतात असंही नाही. उरण, हर्णै अशा ठिकाणी किनाऱ्यालगत शंखशिंपल्यांचे तुकडे आणि वाळू एकत्र सांधलेला भुरकट दगड दिसतो. शिंपल्यांमधलाच चुना पाण्यात विरघळला आणि कणांमध्ये पुन्हा साकळला. या दगडाचं वय काही हजार वर्षांचं. गाळाचा खडक तयार होताना बघायचा असेल तर कोकणात याहून चांगली जागा नाही.

खूप जुना गाळाचा खडक हवा असेल तर दक्षिणेला चला. देवगड-कणकवलीच्या पुढे बेसाल्टचं पांघरूण विरत जातं आणि खालचे खडक डोकं वर काढतात. कासार्डे, फोंडा भागात सिलिका वाळूच्या खाणी आहेत, काचेसाठी आणि ओतकामाच्या साच्यांसाठी ही वाळू बाहेर जाते. ती मुळात वालुकाश्म आहे, कलादगी नावाच्या खडकसमूहातली. जीवसृष्टीत अजून प्राणी नव्हते, त्या काळी साचलेली ही वाळू. त्यामुळे तिच्यात वरळीसारखे बेडूक शोधण्यात अर्थ नाही. दख्खनचा लाव्हा तिच्या मानाने अगदी कालचा.

हाच वालुकाश्म पुढे रूपांतरित झाला की त्याचा क्वार्ट्झाइट होतो, आणि दोघांतला फरक हातोडीच्या एका घावाने कळतो. वालुकाश्म फुटतो तेव्हा तडा कणांना वळसा घालून जातो, फुटलेली बाजू साखरेसारखी खरखरीत लागते आणि बोटाला वाळू चिकटते. क्वार्ट्झाइटमध्ये कण एकमेकांत इतके गुंतलेले असतात की तडा त्यांना चिरूनच जातो आणि बाजू गुळगुळीत, चमकदार निघते. घटक तेच, सिलिका. बदलली ती बांधणी.

रूपांतर म्हणजे नेमकं हेच. जमिनीत खाली जाऊ तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. उन्हवरे, राजापूर, आरवली, तुरळ इथले गरम पाण्याचे झरे याचा पुरावा आहेत. त्यांच्याखाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. आता एखादा खडक झऱ्याच्या पाण्यापेक्षाही कितीतरी खोल, १० किंवा २० किलोमीटर खाली गाडला गेला, असं धरा. तिथे शेकडो अंश तापमान आणि वरून हजारो मीटर दगडाचा भार. भूखंड आदळताना बाजूंनीही दाब येतो. खडक वितळत नाही, पण त्यातली जुनी खनिजं त्या परिस्थितीत टिकत नाहीत आणि त्यांच्याच घटकांतून नवी बनतात. अभ्रकासारखी चपटी खनिजं दाबाच्या आडव्या दिशेला ओळीने लागतात. त्यामुळे दगडाला पदर सुटतात आणि तो उन्हात चमचमतो. असा पदर सुटलेला चमकदार दगड म्हणजे शिस्ट. आणखी खोल, आणखी तप्त जागी गेला की फिक्या आणि गडद खनिजांचे पट्टे वेगळे होतात, तो नीस. आणि तापमान त्याहीपुढे गेलं तर दगड वितळू लागतो आणि गोष्ट पुन्हा अग्निज खडकापाशी येते.

कुडाळ, सावंतवाडीच्या भागात असे खडक उघड्यावर आहेत. वेंगुर्ला तालुक्यातल्या रेडीचं लोहखनिज याच जातकुळीतलं. २५० कोटी वर्षांहून आधी, हवेत प्राणवायू जवळजवळ नसताना, समुद्रात लोह आणि सिलिका यांचे पातळ थर आळीपाळीने साचले. म्हणजे जन्माने तो गाळ. पुढे तो दबला, वळ्या पडल्या, तापला आणि रूपांतरित झाला. मग वर आला, पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली आणि लोहाचं प्रमाण वाढलं. म्हणून तिथे खाणी निघाल्या.

उत्तर कोकणात असे खडक दिसत नाहीत, म्हणून ते तिथे नाहीतच असं समजू नये. कोयनेजवळ भूकंपांच्या अभ्यासासाठी सुमारे ३ किलोमीटर खोल विवर खणलं गेलं, ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. वर एक किलोमीटरहून जास्त जाडीचा बेसाल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइट-नीसचा जुना पाया. चिपळूणहून घाट चढलं की कोयना. तेव्हा चिपळूणच्या माणसालाही सावंतवाडीचा दगड परका नाही, फक्त तो फार खाली आहे.

आता जांभा. कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे आणि उष्ण. अशा हवेत लाखो-कोट्यवधी वर्षं दगड उभा राहिला की पाणी त्यातून कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका काढून नेतं. चहा पुन्हा पुन्हा उकळून गाळावा आणि शेवटी गाळणीत चोथा राहावा, तसा हा दगडाचा चोथा आहे. पाण्यात सहजासहजी न विरघळणारे लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड तेवढे उरतात. लोहामुळे तांबडा रंग. जिथे ॲल्युमिनियम जास्त उरलं तिथे बॉक्साइट, आणि तो कोकणात काही सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारांवर, खणलाही जातो.

चिरेखाणीची उभी कापलेली बाजू म्हणजे हा सगळा प्रवास एका नजरेत. सगळ्यात वर सड्याचा टणक, काळपट पडलेला थर, उन्हापावसाने कडक झालेला. त्याखाली चिरा निघतो तो भोकाभोकांचा जांभा, खाणीत ओलसर आणि कापायला मऊ, बाहेर वाऱ्यावर ठेवला की घट्ट होणारा. त्याच्याखाली पांढरट, जांभळट चिकणमाती. आणखी खाली कुजलेला काळा दगड, त्यात न कुजलेले गोल गोळे, आणि शेवटी ताजी काळवत्री. तळापासून वर येताना बेसाल्टचा जांभा कसा झाला ते पायरीपायरीने दिसतं.

मग तो अग्निज म्हणायचा का, बेसाल्टपासून झाला म्हणून? नाही म्हणता येत, कारण सिंधुदुर्गात तोच जांभा शिस्टवर आणि वालुकाश्मावरही तयार झालेला आहे. रत्नागिरी शहराच्या परिसरात तर जुन्या विहिरी खणताना जांभ्याखाली निळसर माती, पानांचे अवशेष, काळं झालेलं लाकूड आणि राळ मिळाल्याची नोंद एकोणिसाव्या शतकापासून आहे, म्हणजे तिथे खाली गाळाचे थर आहेत. गाळाचा म्हणावा, तर त्याचे घटक बहुतेक ठिकाणी कुठून वाहून आलेलेच नाहीत, ते जागच्या जागी उरलेले आहेत. रूपांतरित म्हणावा, तर त्याला खोलीही नको आणि दाबही नको, तो उघड्या पावसात घडतो. बरीच पुस्तकं त्याला अवशिष्ट म्हणून वेगळा ठेवतात, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. परीक्षेत मुलाने 'जांभा तिन्हींत नीट बसत नाही, कारण...' असं लिहून ते कारण दिलं, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.

या रचनेवर कोकणचं पाणीही अवलंबून आहे. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून खाली झिरपतो, चिकणमातीला अडतो आणि सड्याच्या कुशीतून झऱ्याने बाहेर पडतो. वाड्या, विहिरी, माडापोफळीच्या बागा बहुधा अशाच ठिकाणी वसलेल्या. सडा खोल खणला तर वरचा साठवणारा थरच जातो, आणि खालच्या वाडीची विहीर लवकर आटते. चिऱ्याशिवाय आपलं घर होत नाही हे मान्य, पण खाण कुठे आणि किती खोल, हे झरा बघून ठरवायला हवं. सड्यावर उक्षी, कशेळी अशा ठिकाणी हजारो वर्षांपूर्वी माणसाने कोरलेली कातळशिल्पं आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यांच्याखालचा जांभा एकदा कापला गेला की ती परत मिळणार नाहीत.

सड्याच्या उतारावर आणि पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला आणखी एक दगड सापडतो, तोही लोक जांभाच म्हणून ओळखतात. वरच्या सड्यातून सुटलेले जांभ्याचे खडे पावसाने खाली आणले, ते साचले आणि लोहयुक्त पाण्याने पुन्हा एकमेकांशी सांधले गेले. त्यात घासून गोल झालेले खडे वेगवेगळे ओळखू येतात. हा मात्र कुणालाही न विचारता गाळाच्या खडकांत घालावा.